गेला म्हणजे कुठं

आंबेखोरे, १९ जानेवारी १९४९

पोचले एकदाची. कन्नडपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी, आणि शेवटचा चढ पायी, कारण बैलांना माझी ट्रंक पेलवेना. आत पुस्तकं आहेत हे मी गाडीवानाला सांगितलं नाही. त्याला सोनंनाणं वाटलं असावं, फार अदबीनं उचलत होता.

गाव अगदी कड्यावर आहे. अंगणातून खाली खानदेश दिसतो. कालपरवापर्यंत तो परका मुलूख होता, घाट उतरला की निजामाचं राज्य संपायचं. त्यापायीच गावाच्या नशिबी हे आलं. चळवळीतली पोरं घाट चढून यायची, गाव त्यांना भाकरी घालायचं. गेल्या उन्हाळ्यात रझाकारांनी भरदुपारी गाव पेटवून दिलं. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी खाली पळाली आणि चाळीसगावच्या बाजूला छावणीत राहिली. पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर परत आली, तर नुसत्या काळ्या भिंती. अजून सगळे पालांत राहतात. मदत समितीनं मला इथं धाडलंय ते पावसाच्या आत घरं उभी करून घ्यायला आणि पोरांची शाळा सुरू करायला. बाबा म्हणाले, प्रमोदिनी, मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून डोंगरात काय करणार आहेस? मी म्हटलं, कोर्टात उर्दू कागद चाळून तुम्ही काय केलंत?

गावात एकच घर शाबूत आहे, मुलाण्याचं. रझाकारांनी तेवढं सोडलं, साहजिकच आहे. तेच मला राहायला दिलंय. कडूबा पाटलांनी, म्हणजे गावच्या पाटलांनी, कुलूप काढलं पण उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही. मी विचारलं, घरधनी कुठं आहेत? म्हणाले, "गेला."

"कुठं गेला?"

"गेला, बाई. मागंच गेला."

समजले. असे पुष्कळ गेले, कोणी हैदराबादेला, कोणी थेट पाकिस्तानात. आमच्या गल्लीतही दोन घरं रिकामी पडली आहेत. घर मात्र छान आहे. जमीन अशी सारवलेली की बाईच्या हाताला दाद द्यावी. कोपऱ्यात धान्याची मोठी कणगी आहे, रिकामी. तिच्यात पुस्तकं ठेवली. पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यात माझी पितळेची अन्नपूर्णा बसवली. आईला हे कळलं तर ती उपास धरेल.

२४ जानेवारी

या गावाला माझी शिसारी आहे की काय? एक बाई दारात येत नाही. येतात त्या अंगणाच्या कडेला उभ्या राहतात आणि तिथूनच ओरडून बोलतात. मी आत या म्हटलं की सगळ्यांना एकदम घरी काम निघतं. घर कुठलं, पाल आहे, त्यात काय एवढं काम असतं?

एकट्या आवडाबाई येतात. शेजारच्या पालातल्या म्हाताऱ्या, विधवा, जीभ माझ्यापेक्षा तिखट. त्याही उंबऱ्यावरच बसतात, पण बसतात तरी. रोज मला नाल्यावरून पाणी आणून देतात. आज मीच घागर घेऊन परसातल्या विहिरीकडं निघाले. घरामागं मुलाण्याची बांधलेली विहीर आहे, पाणी हाताशी, आणि हे लोक घाटातल्या नाल्यापर्यंत पायपीट करतात! आवडाबाईंनी धावत येऊन माझ्या हातातली घागर ओढून घेतली.

"त्या इहिरीचं नको."

खारं आहे का, म्हटलं. घागर कमरेवर घेत त्या म्हणाल्या, "व्हय. खारं हाय."

मग असं सरळ सांगायला काय होतं? घागर हिसकायची काही रीत आहे?

११ फेब्रुवारी

सागाच्या तुळया आल्या, पत्रे आले. माणसं कामाला वाघ आहेत, एवढं मान्य केलं पाहिजे. बायका जुन्या भिंतींतले दगड घासून काजळी काढतात आणि तेच दगड पुन्हा लावतात. मी म्हटलं, नवे फोडून आणा की. साळूबाई म्हणाली, आमचे हायेत ते, धुतले की झालं. साळूबाईचं बाळ छावणीत तापानं दगावलं. तिच्या नव्या घराला पाळण्याची कडी लावायची का, असं सुतारानं विचारलं तर तिनं लाव म्हणून मान हलवली आणि दगड घासत राहिली. मला तिथं उभं राहवेना.

विहिरीतला गाळ काढून पाणी तपासू या, अशी मी सूचना मांडली. समितीकडून मजुरीही मिळवते म्हटलं. एक माणूस तयार झाला नाही. आळस, दुसरं काय.

४ मार्च

एक ओळ पुरी झाली. माझा आनंद गगनात मावेना, आणि यांच्यातला एकजण घरात जायला तयार नाही. दारं लावली, पत्रे ठोकले, चुली घातल्या, आणि माणसं पालातच. चार वेळा विचारल्यावर कडूबा पाटील बोलले. गाव उजाडून पुन्हा वसतंय, तेव्हा आधी घाटदेवीला बकरं दिलं पाहिजे. त्याशिवाय चूल पेटवायची नाही.

मग द्या ना, म्हटलं. मला बघवणार नाही, मी त्या दिवशी कन्नडला जाईन.

तर म्हणतात, कापणार कोण? आणि इथं मला कळलं ते मी शहरात जन्म काढला तरी कळलं नसतं. या लोकांत देवीचं बकरं मुलाणी कापतो. त्यानं बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय ते देवीला पोचत नाही आणि मराठ्यांच्या घरात कोणी ते मटण तोंडात घालत नाही. बापजाद्यापासून हा मान याच घराचा, दगडू मुलाण्याचा, ज्याच्या घरात मी राहते. कन्नडचा मुलाणी बोलवा म्हटलं तर चालत नाही. घाटदेवीला त्याचा हात ओळखीचा नाही म्हणे. देवीला मुसलमानाचा हात ओळखीचा असावा लागतो! हे ऐकून मला हसू आलं.

म्हटलं, मग दगडूभाईंना बोलावू या. कुठं गेलेत ते शोधू. पाटील उठून गेले.

७ मार्च

आज उलगडा झाला. पाटलांना मी नाल्याच्या वाटेवर गाठलं आणि सोडलंच नाही. शेवटी बोलले. जाळपोळीच्या दिवशी देवळातला देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. गावाला वाटलं, रझाकारांनी नेला. छावणीतून परत आल्यावर शोधाशोध झाली, तर मुखवटा निघाला दगडूच्या घरात, ज्वारीच्या कणगीत, तळाशी.

"मीच हात घातला कणगीत," पाटील म्हणाले. हात असा पुढं धरला, जसा काही अजून आतच आहे. "कुंकू लावलेलं व्हतं. झेंडूचं फूल व्हतं. ताजं."

चोरीवर पांघरूण घालायची युक्ती असणार, मी म्हटलं. पाटील हात धोतराला पुसत राहिले. म्हणून तो गेला तर! तोंड दाखवायला जागा उरली नाही. मला वाईट वाटलं. इतके दिवस त्याच्या घरात राहून मी त्याला मनातल्या मनात चांगला माणूस ठरवून टाकलं होतं. सारवलेली जमीन, कुंपणाला लावलेली मेंदी, दाराला आतून कोरलेली वेल. पुस्तकं कणगीतून काढून ट्रंकेत ठेवली.

१५ मार्च

काल होळी होती. लाकडं कोणी रचली नाहीत. आवडाबाई म्हणाल्या, पेटलेलं बघून झालंय आमचं.

२६ मार्च

पाऊस दोन महिन्यांवर आणि सगळी घरं एका बकऱ्याच्या मानेत अडकलेली. आज मी आवडाबाईंना म्हटलं, चोर तर चोर, त्याला माफ करा आणि परत आणा. झालं गेलं विसरा. मुखवटा मिळाला ना?

आवडाबाई उंबऱ्यावर बसून लाकडाच्या ढलप्यानं माती उकरत होत्या. म्हणाल्या, दगडूची बायको जैतुन, तिची बहीण हर्सूलला दिलीय, तळ्याच्या वाटेला. ती तिकडं असंल.

इतके दिवस का नाही सांगितलंत, मी जवळजवळ ओरडलेच.

"जैतुनला आण," त्या म्हणाल्या. "पर एकवार इचार कर, बाई."

विचार कसला करायचा? मी ट्रंक भरायला घेतली.

औरंगाबाद, ३ एप्रिल

सापडली! हर्सूलच्या रस्त्याला एका खोपटात, बहिणीच्या घराला टेकून. उंच, काळीसावळी बाई, मनगटभर हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. आंबेखोऱ्याहून आले म्हटल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि एका दमात सगळ्या गावाची खुशाली विचारली. आवडाबाईचा खोकला, साळूबाईचं बाळ, पाटलांची गुडघेदुखी. बाळाचं सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून बसली. मग एकदम डोळे पुसून म्हणाली, "अन् देवी नीट हाय नव्हं? कणगीतून काढली ना ह्यांनी?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. गाव जळालं त्या दुपारी दगडूनं पेटत्या देवळात शिरून मुखवटा काढला. रझाकारांना कळलं असतं तर त्यांनी त्यालाच आधी मारलं असतं, म्हणून ज्वारीत पुरला. परसात झेंडू लावला होता, रोज फूल घालायचा. पुढं फौज आली, कोण कुणाला मारतंय याच्या बातम्या उठल्या, तेव्हा त्यानं बायकोला बहिणीच्या दिराबरोबर गाडीत बसवून दिलं. स्वतः आला नाही. म्हणाला, देवी माझ्यापाशी ठेवलेली हाय, गाव परत येईस्तोवर मी कसा हलू? आपलीच माणसं येणार हायेत, भ्यायचं काय? गाव बसलं की तुला न्यायला येतो.

म्हणजे चोर नाहीच! मला इतका आनंद झाला की मी तिला तिथंच सगळं सांगून टाकलं. मुखवटा कणगीत सापडला, लोकांचा गैरसमज झाला, बिचारे शरमेनं गाव सोडून गेले. आता खरं कळलं की सगळे त्यांना डोक्यावर घेतील.

"गेले?" ती म्हणाली. "गेले म्हंजी?"

गावकरी म्हणतात, गेले. कुठं ते माहीत नाही. हैदराबादेला असतील.

ती उठली. आत जाऊन पाणी पिऊन आली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "मला गावाला न्या," एवढंच म्हणाली. बहीण दख्खनीत तिच्यावर फार चिडली, मत जा, मत जा म्हणत राहिली, पण हिनं गाठोडं बांधलं होतं. नवऱ्याचं नाव लवकरात लवकर साफ व्हावं, ही तिची तळमळ मला समजते. मीही तेच केलं असतं.

कन्नड, ५ एप्रिल

मुक्काम एका ओळखीच्यांकडं. वाटेत मीच बोलत होते. घाट दिसायला लागल्यावर जैतुनबीनं विचारलं, आमच्या विहिरीवर आता कोण पाणी भरतं?

कोणीच नाही, म्हटलं. खारं आहे म्हणतात.

"आमची इहीर खारी नव्हती."

मी म्हटलं, पाणी बदलतं कधी कधी. तिनं मान हलवली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

आंबेखोरे, ७ एप्रिल

काल लिहवलं नाही. आज लिहिते.

काल दुपारी पोचलो. देवळापुढं तुळया तासायचं काम चाललं होतं, सगळे तिथंच होते. जैतुनबी गाडीतून उतरली आणि तासण्याचे आवाज एकेक करून थांबले. तिला पाहून सगळे धावतील अशी माझी कल्पना होती. कोणी हललं नाही. मला वाटलं, अवघडलेत. म्हणून मी देवळाच्या पायरीवर चढले आणि वर्गात बोलते तशी खणखणीत बोलले. सांगितलं की दगडूभाईंनी देवी चोरली नव्हती. पेटत्या देवळातून काढली, जिवावर उदार होऊन लपवली. रोज फूल घातलं. तुम्ही परत येईपर्यंत तिला राखायला थांबले, म्हणून बायकोबरोबर गेले नाहीत. मी असंही म्हटलं, देवा रे, की आता त्यांना सन्मानानं परत आणू या.

कडूबा पाटलांनी डोक्याचं पागोटं काढलं आणि खाली मातीत ठेवलं. साळूबाईच्या नवऱ्याच्या हातातला वाकस गळून पडला. मला वाटलं, शरमले. मग पाहिलं तर जैतुनबी तिथं नव्हती.

ती परसात विहिरीवर गेली होती. काठावर बसून खाली बघत होती. पाणी वरपर्यंत हिरवं झालं होतं. तिनं एक हात काठाच्या दगडावर आपटला, मग दुसरा. काचांचे तुकडे पाण्यात पडत राहिले. पोत तोडली. ती रडत नव्हती. आवडाबाई तिच्याजवळ मातीत बसल्या आणि हंबरडा फोडला त्यांनीच.

तेव्हा मला कळलं. गावातल्या पोराटोरांना, कुत्र्यामांजरांना ठाऊक होतं, आणि जैतुनबीला हर्सूलच्या खोपटात, मी हसत हसत बोलत असताना कळलं. मला विहिरीच्या काठावर, सगळ्यांत शेवटी.

सगळं गाव मागं येऊन उभं राहिलं होतं. कोणी म्हणालं, मारणारी खालून आलेली बाहेरची माणसं होती. आवडाबाई मागं न वळता म्हणाल्या, "बाहेरच्यांना हे घर कुनी दावलं?"

मी पाटलांच्या अंगावर धावून गेले. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, म्हटलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

"खोटं नाय बोललो, बाई. गेला म्हनलो व्हतो."

३० एप्रिल

विहीर बुजवली. जैतुनबीची तेवढीच एक मागणी होती. आधी आत उतरून होतं नव्हतं ते वर काढतो, असं कडूबा पाटील म्हणाले. ती म्हणाली, नको, आता कुनी हात लावू नका त्यांना. कन्नडहून दोन म्हातारे आले, त्यांनी काठावर उभं राहून नमाज पढली. मग गावानं दगड टाकले. नवीन फोडलेले नव्हे, भिंतींसाठी घासून ठेवलेले. त्यामुळं शेवटच्या दोन घरांना दगड कमी पडले.

देवीसाठी राखलेलं बकरं सोडून दिलं, डोंगरात फिरतंय. देवीचा मान आता कोणी घ्यायचा नाही, असं आवडाबाईंनी पाटलांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. बायकांनी आपापल्या चुली गुपचूप पेटवल्या. पाटील मात्र पालातच आहेत. त्यांचं घर बंद.

फौजदाराकडं जायचं का, हे मी जैतुनबीला तीनदा विचारलं. पाटील म्हणतात, ती सांगेल तिथं मी चालत येतो. ती अजून काही म्हणत नाही. तिच्याच घरात आम्ही दोघी राहतो. पहिल्या दिवशी मी अन्नपूर्णा कोनाड्यातून उचलली तर ती म्हणाली, राहू द्या. मला या गावाची चीड येते, मग साळूबाई उंबरा ओलांडून भाकरी ठेवून जाते, आणि ती चीड कुठं ठेवावी कळत नाही. मला माझी स्वतःचीही चीड येते. त्या खोपटातला माझा हसरा आवाज कानातून जात नाही.

१९ मे

आज समितीचे चिटणीस नानासाहेब कामाची पाहणी करायला आले. खूश झाले. घरं मोजली, शाळेतल्या पोरांकडून गाणं म्हणवून घेतलं, माझी पाठ थोपटली. मी सगळं सांगायचं ठरवलं होतं, वाक्यं जुळवून ठेवली होती. फिरत फिरत ते आमच्या परसात आले. हे एकच घर जुनं कसं, म्हणाले. मी म्हटलं, हे जळालं नव्हतं. दगडांच्या ढिगाजवळ आवडाबाईंनी झेंडूचं बी टाकलंय, त्याला चार पानं फुटली आहेत. नानासाहेबांनी ते रोप काठीनं चाचपून पाहिलं आणि विचारलं, "या घराचा मालक कुठं आहे?"

जुळवलेलं एक वाक्य आठवेना. माझ्या तोंडून निघालं, "गेले."

"शहराकडं का?"

जैतुनबी मागच्या दारात सूप घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं.

"नाय साहेब," ती म्हणाली. "हितंच हायेत."

नानासाहेबांनी काठी मागं घेतली. जैतुनबी पुन्हा ज्वारी पाखडायला लागली.